अजर भिंती आणि अलार्मची बॅटरी

स्टॅनमोर, शनिवार, १० नोव्हेंबर २००७

संध्याकाळी आमचा अकाउंटंट मित्र शिरीष आमच्या भाड्यानं दिलेल्या दोन्ही घरांचा टॅक्स रिटर्न करायला आला. इथं इमारतीचा घसारा मिळत नाही, फक्त फर्निचरची झीज धरतात. म्हणजे भिंती अजर, खुर्च्या तेवढ्या नश्वर!

"नव्या फ्लॅटचं सोपं आहे. साउथहॅम्प्टनच्या जुन्या घरात मोडकं काय बदललंस? ते दुरुस्तीत जाईल. नव्यानं बसवलेलं नाही जाणार."

"बॉयलर बदलला. नवीन म्हणजे स्मोक अलार्म."

हिनं कप खाली ठेवला. "अहो, वास्तुशांतीला होमाच्या धुरानं वाजेल म्हणून तुम्ही त्याची बॅटरी काढलीत. परत घातलीत का?"

जुनं, भाड्यानं द्यायचं घर असलं तरी वास्तुशांती हवीच, हा हट्ट माझाच. बॅटरी पूजेच्या पिशवीत सापडली, कुंकवानं माखलेली.

साउथहॅम्प्टनच्या घरात भाडेकरू गुरुवारी राहायला गेले, तान्ह्या बाळासकट. बाईंना मेणबत्त्यांची भारी हौस. फोन उचलत नाहीत.

"बाहेर गेले असतील रे," शिरीष म्हणतो. तान्हं घेऊन, या थंडीत?

अग्नीला मीच बोलावलं होतं, अगदी शुद्ध उच्चारांत.

शिरीष गाडी काढतोय. बॅटरी खिशात आहे. ही अजून फोन लावतेय आणि तो नुसताच वाजतोय.