भिंतीला टेकलेल्या पेंढ्या

६ ऑक्टोबर १९८७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी आपणहून पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस. आईचं घर भाड्याने द्यायचं ठरलंय. एक दातांचे डॉक्टर आहेत. घर आवडलं, पण मागचं रान काढून द्या म्हणाले. आईच्या रानफुलांना तो माणूस रान म्हणतो! येत्या रविवारी विळा घेऊन बसणार आहे, सगळं कापून जाळून टाकतो. हसू नकोस, या वेळी नक्की.

काल मागे गेलो, तर पिवळ्या फुलावर आपली ‘पाहुणी’! पुढचे पाय खेकड्यासारखे पसरून बसली होती. आठवतं, आपण तिला पांढऱ्या फुलावर नेऊन ठेवायचो आणि ती पांढरी कधी होते हे बघत शाळा बुडवायचो? आई आपल्याला कान धरून आत न्यायची, पण पाहुणीला तिने कधी हुसकलं नाही. फार भरून आलं गं. आई गेल्यापासून तू एकदाही आली नाहीस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा उद्योबा

९ ऑक्टोबर

चि. उद्योबास अनेक आशीर्वाद.

आधी विळा खाली ठेव! आपली पाहुणी म्हणजे तो खेकडा-कोळी मी संग्रहालयात फक्त टाचणीला लावलेला बघते. जिवंत दिसावा म्हणून आम्ही माळ न् माळ पालथा घातला. एक जागा उरली होती, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. आणि हा आपल्या मोरीमागे!

शेंड्याचं पान दुमडून मादी आत अंडी घालते आणि पिल्लं निघेपर्यंत वर पहारा देते. खात नाही, हलत नाही. ते देठ जाळलेस तर संपलंच. फोन लावून थकले, तू उचलत नाहीस. जन्मभर तुझ्या ‘उद्या करतो’ची टिंगल केली, आता तेवढं एकदा म्हण रे.

घरी यायचं धैर्य होत नाही. आई नसलेलं ते दार मला बघवणार नाही.

रागावू नकोस, जिवाला जप.

तुझी ताई

१३ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. परवाच सगळं कापून झालं होतं. आयुष्यात एकदा बोलल्यासारखं वागलो आणि नेमकी तिथेच माती खाल्ली.

पण ऐक. आई कापलेलं लगेच जाळू द्यायची नाही. पेंढ्या बांधून भिंतीला उभ्या टेकवायची. आत कोणी राहत असेल तर त्याला निघायला वेळ द्या, म्हणायची. माझे हात आपोआप तसेच चालले, गाठही तिचीच. मग कंबर धरली आणि जाळणं उद्यावर टाकलं. सगळ्या पेंढ्या जागेवर आहेत! एका दुमडलेल्या पानावर ती बसली आहे, पोट पार खपाटीला गेलेलं. काडीने जरा डिवचलं तर पाय पसरून माझ्याच अंगावर आली.

मागे आता कोणी हात लावायचा नाही, असं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी घर नको म्हटलं. नवा भाडेकरू शोधतोय.

टिंगल चालू ठेव, तिच्यावाचून करमत नाही.

तुझा उद्योबा

१२ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पिल्लं निघाली! मोहरीहून लहान. बरीचशी धागा सोडून वाऱ्यावर गेली, काही मागच्या नव्या कोंबांवरच राहिली. पाहुणी मात्र पानावर तशीच वाळून गेली, पाय पसरलेले. शाळेतून यायला उशीर झाला की आई उंबऱ्यात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी असायची, तशीच दिसली गं. मी रडलो.

लवकर लिही.

तुझा उद्योबा

१७ नोव्हेंबर

चि. उद्योबास अनेक आशीर्वाद.

भाडेकरू शोधू नकोस. निवृत्तीला वर्ष होतं, ती आधीच घेतली. शनिवारी राहायलाच येते आहे. स्टेशनवर येऊ नकोस, वाट मला पाठ आहे. तू फक्त उंबऱ्यात उभा राहा, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून. म्हणजे मला ते दार बघवेल.

बाकीची माया भेटीत.

तुझी ताई