पडदा थकलाय

माय,

तू गेलीस तेव्हा धाकटा नुकता शाळेत जायला लागला होता. आता त्याचे कानाजवळचे केस पांढरे झालेत आणि दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. लघवी होत नाही, अंगातलं पाणी अंगातच राहतं, एवढं तुला कळलं तरी पुरे. म्हणून दिवसातून तीन-चारदा मी त्याच्या पोटात साखरेचं पाणी सोडते. दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत साबण. परभणीच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणं काय असतं ते तुला सांगायला नको, तुझ्या वेळी पंखाच नव्हता. पिशवी खुंटीला टांगली की पोटाला बसवलेल्या नळीतून पाणी आत उतरतं, काही तास तिथं राहतं, मग ते दुसऱ्या पिशवीत काढून हुकाच्या काट्यावर तोलायचं. सोडलं त्याहून जास्त निघालं, तर तो दिवस चांगला.

नर्सबाईंनी हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मला तुझी परात दिसली. तू कैरीच्या फोडींना मीठ चोळून वर फडकं टाकलंयस. सकाळी फडकं काढून बघते तर फोडी पाण्यात. मी विचारते, पाणी कुणी ओतलं? "कोण वततंय? फोडीतलंच हाय. मीठ भाईर बसून वढून घेतंय." मग मीठ आत जात न्हाई का? "जातंय की, पर दमानं. आन् हात काढ मेले, बुरशी लागंल." मनगटावर चापट बसते. पुढं शाळेत पेशी शिकवली, तिच्याभोवतीचं पातळ आवरण शिकवलं, पाण्याला झटकन वाट देणारं आणि मीठ-साखरेला अडवून धरणारं. मला ते घोकावं लागलं नाही. पोटातही आतड्यांवर तसलाच एक पातळ पडदा असतो. एका अंगाला रक्त, दुसऱ्या अंगाला आपण सोडलेली साखर, आणि साखरेनं रक्तातलं जास्तीचं पाणी ओढून घ्यायचं.

आताशा काटा पुढं सरकत नाही. सोडते तेवढंच येतं, कधी त्याहून कमी. त्याचे पाय सुजलेत, आडवं झालं की दम लागतो. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पडदा थकलाय. साखरेनं बाहेर थांबून पाणी ओढायला पाहिजे, तर ती भराभर आत रक्तातच शिरतीय." मला लगेच समजलं, आणि तिथंच माझं अवघड झालं बघ. ज्याला समजत नाही त्याला निदान नवस तरी बोलता येतो. जास्त साखरेची पिशवी? देऊ, म्हणाले, पण तिनं पडदा आणखी लवकर झिजतो. मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं? त्याचं काळीज सोसणार नाही. माझी किडनी द्यायला मी केव्हाच निघाले होते, तर तपासणीत माझीच शुगर निघाली. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात, इथं तर मधे उभं राहायलाही जागा उरली नाही. मला काही म्हणजे काही करता येत नाही, माय.

परतताना गाडीत, पिंगळी गाव जवळ आल्यावर त्यानं विचारलं, "अक्का, सायेब काय म्हणले?" मी म्हणाले, पिशवी बदलून देणारेत. "मंग पाणी वाढवून देतेल का?" त्याला दिवसभराचं पाणी ठरवून दिलंय आणि ते मोजून द्यायचं काम माझ्याकडं. तुझ्या दारातून भर उन्हात कुणी पाणी न पिता गेलं नाही. बांगडीवालीलाही आधी तांब्या, मग भाव. आणि तुझ्याच लेकराला मी माठावर हात ठेवून सांगते, "आता संध्याकाळी." तो भांडत नाही, याचाच मला लय राग येतो. भांडला असता तर मलाही ओरडता आलं असतं. हल्ली तर मागतही नाही, ओला रुमाल ओठांवर धरून बसतो.

हे लिहिलं खरं, पण धाडू कुठं? त्याला वाचून दाखवावं तर पडद्याचं सगळं सांगावं लागेल. घडी घालून पिशव्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकून देते.

एक सांगायचं राहिलं. आज दुपारी त्यानं मागितलं नव्हतं, तरी मी तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "आज जास्त निघालं का गं?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणाले.