नको, असू द्या

२ मे ९६, गुरुवार
वृषाली आली. म्हणजे जर्मनीहून सांगलीला आली. दुपारी दुकानात फोन. महिनाभर कॉलेजच्या पोरापोरींबरोबर तिकडं, एका बाईच्या घरी राहिली. मी हॉस्टेलवरच्या मारामारीनंतर माफी मागितली असती, तर मीपण... जाऊ दे. कॉलेज सोडलं ते सोडलं.
रविवारी गावाकडं येते म्हणाली, आईला भेटायला. त्यानंतर एका पंपाच्या मोटारीचं वायंडिंग दोनदा चुकलं. मालक म्हणाला, "सिद्ध्या, तार गुंडाळतूयस का दोरा?"

४ मे, शनि.
टँकर आला. नेहमीची भांडणं. आईनं वृषालीचे पाय धुवायला एक बादली वेगळी काढून झाकून ठेवली. कुणाला हात लावू देत न्हाई, मलापण न्हाई.
गेल्या वर्षी वृ. आली तेव्हा दारात पाय धुतले, गूळ खाऊन तांब्याभर पाणी प्याली आणि आणखी मागितलं. कराडकडच्या पाटलांची पोरगी, आमच्या बौद्धवाड्यात. आई आठवडाभर सगळ्या आळीला सांगत होती.

५ मे
काय झालं ते नीट लिहितो. डोकं फिरलंय.
आई बादली घेऊन दारात आली. वृ. मागं सरली. "नको काकू, असू द्या. एवढं पाणी वाया कशाला?" मग गूळ-पाणी आणलं. "नको, असू द्या. तुम्हाला लागेल. मी आणलंय ना." पर्समधून प्लास्टिकची बाटली काढली.
आई तांब्या धरून तशीच उभी. मग म्हणाली, "बरं. बस बाई."
गेल्या वर्षी "बस पोरी" म्हणाली होती.
वृ.नं चॉकलेटं दिली, आईनं फळीवर ठेवली. स्टँडपर्यंत मी एक शब्द बोललो न्हाई. ती विचारत राहिली, "काय झालं रे? सांग की!" तोंड उघडलं असतं तर आवाज चढला असता, गाव गोळा झाला असता.

६ मे
सकाळी आई चुलीपुढं, माझ्याकडं न बघता.
"मी पोरगी असताना पाटलाच्या इहिरीवर आमच्या हातचं नगं असलं की असंच म्हणायची माणसं. नगं, असू दे. लय गोड बोलून. शिवी न्हाई, काय न्हाई."
मी म्हटलं, आई, तसं न्हाई. ती जात-बित मानत न्हाई. तिला आपली दया आली.
आई म्हणाली, "मग ते बरं व्हय?"
मी डबा उचलून दुकानाला निघालो.

९ मे, गुरु.
खाडा करून सांगलीला. वृ. स्टँडवर भेटली. मी आधीच पेटलेलो. आई काय समजली ते सांगितलं. वृ. पांढरीफटक.
"जात? अरे, मागच्या वर्षी प्यायले होते ना मी!"
"म्हणून तर!"
लोक बघायला लागले. मग ती हळू बोलली. तिकडं जिच्याकडं राहिली त्या बाईसाठी तिनं स्वतःच्या आईची नवी इरकल साडी नेलेली. बाईनं घेतलीच न्हाई. तुम्हा लोकांना लागेल, घरी परत ने म्हणाली. वर स्वतःचा जुना कोट दिला.
"आमचा बारा एकर ऊस आहे, हे इंग्रजीत कसं सांगायचं तेच सुचेना. रडू आलं. कोट घेतला. मग तिथं रोज वाटायचं, मी गेल्या वर्षी तुझ्या घरी नुसती पाहुणी होऊन आले. काकू कुठून पाणी आणतात, कधी विचारलंसुद्धा नाही."
मी म्हटलं, "विचारायचं होतंस. त्या बाईनं तुला केलं ते माझ्या आईला का केलंस?"
ती मग नुसतं, "व्हय रे." माझ्याच बोलीत.
तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण तोंड माझं. "परत येऊ नको," म्हणालो. एस.टी.त बसलो. मिरज येईपर्यंत वाटत होतं उतरावं, मागं जावं.
न्हाई उतरलो.

११ मे
दुकानात फोन. मालकानं घेतला. निरोप: "उद्या येते. तहानलेली येते. काकूंना सांग."
मालक विचारतो, "तहानलेली म्हंजी काय रं? हिकडं कोण न्हाई तहानलेलं?"
आईला सांगितलं. तिनं रांजणात वाकून बघितलं. टँकर मंगळवारनंतर फिरकलेला न्हाई.

१२ मे, रवि.
आजपण टँकर न्हाई. रांजणाचा तळ दिसतोय. आईनं त्यातलंच पाणी काढून अर्धी बादली दारात ठेवलीय. वर ताट झाकलंय, शेजारी तांब्या, गूळ.
म्हटलं, "आई, आपल्याला सांजच्याला प्यायला ऱ्हात न्हाई."
"तू गप. ह्या बारीला नगं म्हणाली, तर हितंच मातीत वतीन. तिच्या म्होरं."
घटकाभर बादलीकडं बघत बसलो. मनात आलं, पाय न्हाईच धुतले तिनं तर रात्रीचं भागेल. मग लक्षात आलं मी काय मोजतोय. जर्मनीला न जाताच.
एस.टी. आली वाटतं. फाट्यावर धुरळा उठलाय. आईनं पदर खोचला, ताट बाजूला केलं.
"तू म्होरं जाऊ नगं," म्हणाली. "तुझं त्वांड बघून पोरगी माघारी जाईल."
थांबलोय. कोणतरी उतरलंय, एकटंच. वृषालीच. वही मिटतो.