युसराच्या ताटांवरचं नाव

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

लेझर पेटतो, पण जळत नाही. प्लायवूडवर निळा ठिपका फिरतो, 'युसरा' लिहितो आणि खाली लाकूड कोरंच! संरक्षक चष्मा दोनदा पुसला. दोष चष्म्याचा नाही.

सीएनसी मशीन चांगलं आहे, वर्षभर त्याच्यावरच लाकडी पाट्या कोरतोय. लेझरचं डोकं तेवढं नवीन. आणि हातात दिवस चोवीस. ३० तारखेला निकाह.

युसरा म्हणजे नवाबचाचांची मुलगी. चाचा गुलमंडीवर भांड्यांच्या दुकानाबाहेर तीस वर्षं भांड्यांवर नावं घालत बसले. नववीत माझी शाळा सुटली, तेव्हा मी त्यांच्याजवळ बसायला लागलो. आता दोन वर्षं झाली, त्यांचा हात थरथरतो. परवा म्हणाले, "गावभरच्या पोरींची भांडी लिहिली. माझ्या पोरीची कोरीच जानार काय रे?"

मी बोलून गेलो – तुमच्याच अक्षरात काढून देतो, चाचा. अकरा ताटं.

बोलायला नको होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं! पूर्ण ताकद म्हणून कॉम्प्युटर २५५ पाठवत होता आणि मशीनची पूर्ण ताकद १००० ला. म्हणजे मी पाव ताकदीवर दोन दिवस वाट बघत होतो. आकडा बदलला. लगेच धूर. नाव इतकं काळं आलं की वाचता येईना.

युसराला फोटो पाठवला. तिचं उत्तर – सोमनाथभाई, सासरी माझी भाकरी करपली तर तुमचंच नाव सांगीन.

९ नोव्हेंबर, रविवार

चाचांचं जुनं अक्षर मिळवायला हर्सूलला द्वारकामावशीकडे गेलो. तिच्या लग्नातली भांडी त्याच दुकानातली. ताटांच्या मागे 'यांजकडून सप्रेम भेट' – त्यात य मिळाला, स मिळाला, काना मिळाला. ऱ्हस्व उकार मात्र मिळेना! 'यांजकडून'मधला दीर्घ, तो चालणार नाही. शेवटी एका तांब्यावर 'मधुकर' सापडला. उकार तिथला, र पण तिथलाच. सगळ्यांचे फोटो काढले. एक ताट बरोबर आणलं.

मावशी म्हणाली, "ने, पण परत आण. तुझ्या मायनं नेलेला डबा अजून आला नाय."

परत येताना बसमध्ये ते ताट मांडीवर होतं. दुकानाबाहेरचे दिवस आठवत राहिले. हातातल्या मशीनचा घर्रर्र आवाज, पहिल्या आठवड्यात तर माझे दात शिवशिवायचे. गुडघ्यांवर स्टीलची बारीक चमक पडायची, ती घरी गेल्यावर आईला दिसायची. म्हाताऱ्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायच्या नाहीत. चाचा मान खाली घालून थांबायचे. मी बाईंच्या नातवाला बाजूला घेऊन विचारायचो. नातवाला नुसतं 'आबा' एवढंच माहीत असायचं!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

फोटोंतली अक्षरं कॉम्प्युटरवर जोडून नाव कोरलं, तर अक्षर जिथं वळतं तिथं काळा ठिपका. वळताना मशीन क्षणभर थांबतं आणि लेझर चालूच राहतो, म्हणून. लेझरसाठीची वेगळी सेटिंग असते, ती बंद होती. चालू केली. ठिपके गेले.

नाव स्वच्छ आलं. बघितलं तर अगदी निर्जीव – जसं बँकेच्या पासबुकावर छापलेलं.

मावशीचं ताट भिंगाखाली धरलं. तिथंही प्रत्येक वळणाला ठिपका आहे. हात थांबतो ना तिथं. मग ती सेटिंग मी पुन्हा बंद केली. बिघाड परत आणायला पहिल्यांदाच बसलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्टीलवर काहीच उमटत नाही. सगळा उजेड परत फेकतं. एका सुट्या ताटाच्या मागे काळा रंग दिला, वाळवला, वेग निम्म्याहून कमी केला. रंग धुतल्यावर नाव राहिलं! घासणीनं पाच वेळा घासलं. राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नवी भीती. अक्षर कललंय.

चाचांनी मला कामाला ठेवलं त्या दिवशी माझ्या जेवणाच्या डब्यावर 'सोमनाथ' घातलं होतं. माझ्यासमोर. त्यातला स खांबासारखा उभा आहे. ताटावरचा स डावीकडे झुकलाय, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. मशीनची चौकट तिरकी झाली असणार. आता सगळं खोलावं लागेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही नीट.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. सारखे. चौरस कोरून काटकोन बघायला गुण्या लावला. केसभर फट नाही. फोटो तिरका काढला असेल, म्हणून मावशीच्या ताटावर कागद ठेवून पेन्सिल घासली. तिथंही स झुकलेलाच.

म्हणजे मशीनमध्ये दोष नाही. मग कशात आहे ते मला समजत नाही.

आठ दिवस उरले. उद्या ताट घेऊन चाचांकडेच जातो. हे माझं नाही, असं ते म्हणाले तर अकरा ताटं काढायचा धीर मला होणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

चाचांनी नावावरून अंगठा फिरवला. त्यांच्या बायकोनं, अनवरीचाचींनी, चहा खाली ठेवून ताट हातात घेतलं.

"ये तो मेरे हात का है."

लग्नसराईची भांडी चाचा पोत्यात घालून घरी न्यायचे. नावांच्या चिठ्ठ्या चाचांच्या, हात चाचींचा. वीस वर्षं, युसरा घरात नसताना. दुकानदाराला सांगितलं नाही, मला नाही, युसरालाही नाही. चाचींना मराठी वाचता येत नाही. चिठ्ठी बघून चित्रासारखं काढायच्या.

"आणि तू असताना मी दोन वर्षं रडत बसलो," चाचा चाचींना म्हणाले. "तुला इचारायचं सुचलंच नाय."

चाचींनी माळ्यावरून जुनं मशीन काढायला लावलं. कोरं ताट मांडीवर घेतलं. मला म्हणाल्या, "तू चिठ्ठी लिख."

लिहिली. चार वेळा तपासली.