टाके पडण्याआधीचं हसू

लेकीच्या बाबांना नमस्कार,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. पोरगी पाच किलोची झाली, म्हणून वीस तारखेला तिचा दुभंगलेला ओठ शिवणार आहेत. टाळूचं ऑपरेशन वर्षाची झाल्यावर. दूध नाकातून येऊ नये म्हणून तिला उभी धरून पाजते. ओठाच्या कडा जवळ आणायला लावलेली पट्टी मीच बदलते.

एवढ्याशा जिवाला भूल देणार, तेवढीच धाकधूक आहे. आईंचा गुडघा कसा आहे?

काल पट्टी काढली आणि ती पहिल्यांदा खळखळून हसली, अगदी नाकापर्यंत. नर्सबाई म्हणाल्या, "फोटो काढून ठेवा. हे हसू पुन्हा दिसायचं नाही."

तुम्ही फोटो नको म्हणाला होतात. तरी पाठवतेय. वीस तारखेच्या आत एकदा बघा.

तुमचीच,
लेकीची आई