फाडलेला नॉमिनीचा फॉर्म

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय, आणि आज तो लिहून काढणार आहे.

मी नववीत असताना शाळेने आम्हाला थेरगावातल्या एका बँकेत नेलं होतं. तिथल्या बाईंनी मुदत ठेव, व्याज सगळं समजावून सांगितलं आणि प्रत्येकीच्या हातात नॉमिनीचा एकेक कोरा फॉर्म दिला. खातेदाराच्या मागे पैसे कुणाला मिळणार, ते यात लिहायचं, म्हणाल्या. घरी जाऊन विचारा. मी धावतच घरी आले. तुम्ही पहिली शिफ्ट करून आलेले, स्वयंपाकघराच्या दाराशी चहा पीत बसलाय. आई भाकरी थापतेय. मी फॉर्म पुढे करते. "अण्णा, आपल्या ठेवींवर आईचं नाव घातलंय का?" तुम्ही बशी खाली ठेवता. "माझ्या मरणाची वाट बघतीस का गं?" फॉर्मचे चार तुकडे होतात. मग आईला, "पैशाचं बायकांनी बघायचं नाही, सांगून ठेव हिला." आईने भाकरी उलटली, बोलली काहीच नाही. त्याचाही मला राग आहे, पण तो तिच्यावरचा.

तुम्ही पैसे साठवलेत, हे कोण नाकारतंय? ओव्हरटाइमचा रुपया कधी वाया गेला नाही. पण ठेवीच्या पावत्या लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली तुमच्या करदोट्याला, आणि आई रोज सकाळी भाजीपुरते पैसे मागायला तुमच्यासमोर उभी. आमच्यासाठी साठवत होतात म्हणे. मग आमच्यापासूनच का लपवलंत?

मी बारावीला असताना, दुपारच्या शिफ्टला जाताना कंपनीच्या बसमध्येच तुम्ही गेलात. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "माणूस लई हिशोबी, मागं काळजी न्हाई ठेवली." कंपनीकडून आलेले पैसे घराच्या कर्जात गेले. मग पावत्या घेऊन आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने त्या दोनदा चाळल्या. "सगळ्या एकट्याच्या नावावर आहेत, मावशी. नॉमिनी कुणीच नाही. कोर्टातून वारस असल्याचा दाखला आणावा लागेल."

"पण मी बायको हाय त्यांची," आई म्हणाली.

"ते खरं हो, पण कागद लागतो."

त्या कागदाला अकरा महिने लागले. तेवढे महिने आई घरात बसून, कारखान्यातून नगावर आणलेल्या रबराच्या पार्टच्या जादा कडा ब्लेडने कापत होती. बोटं कापायची, चिंधी बांधून पुन्हा बसायची. नर्सिंगला माझा नंबर लागला होता. फी भरायचा शेवटचा दिवस आम्ही दोघींनी कोर्टाच्या व्हरांड्यात काढला. पैसे बँकेत होते, अण्णा, माझ्या शिक्षणासाठी म्हणूनच ठेवलेले. दाखला हातात आला तेव्हा मी चाकणला कंत्राटावर पॅकिंगच्या लाइनवर उभी होते. परत शिकायला गेलेच नाही.

आज मी तिथेच सुपरवायझर आहे. नव्या मुलींना जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसवून बँकेचं शिकवते, कंपनीने सांगितलेलं नसताना. परवा लातूरकडची एक मुलगी म्हणाली, "ताई, पासबुक मागितलं तर नवरा म्हणतो, तुला काय कळतंय." मी म्हटलं, "चल, मीच येते." रहाटणीला त्यांच्या खोलीवर गेले. तो आधी फुगून बसला. मग तिने चहा ठेवला, मी आईचे ते अकरा महिने सांगितले, आणि त्याने कपाटातून पासबुक काढून माझ्यासमोर टाकलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी बँकेत जाऊन नॉमिनी म्हणून तिचं नाव घातलं. अर्ध्या तासाचं काम, अण्णा. तुमच्याकडे अर्धा तास नव्हता?

हे मी आईलाही वाचून दाखवणार नाही. ती अजून तुमचीच बाजू घेते. "त्यांनी आपल्यासाठीच केलं गं," एवढंच म्हणते.

आणि एक. मुलींना मी सांगते, घरातल्या एका तरी माणसाला सगळं माहीत असू द्या. माझं एक खातं आहे, सहा वर्षं झाली. माझ्या नवऱ्याला ते माहीत नाही. तो चांगला माणूस आहे, त्याने कधी हिशोब मागितला नाही. सांगायचं म्हणून दोनदा त्याच्यासमोर बसले, आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून उठले.