पातेल्याजवळची जागा

प्रिय मिएन,

'आईची किडनी मला नको' म्हणून तू परवा फोन ठेवलास. तुझी आई कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली. मला फोनवर धड बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून लिहितो.

हनोईच्या दवाखान्यात काय झालं ते आम्ही तुला अर्धंच सांगितलं. मला साखर निघाली, पोट हे असं, तेव्हा तुला द्यायला माझी किडनी बाद. मग तुझ्या आईला काट्यावर उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा कागद पाहिला, माझा पाहिला आणि विचारलं, "तुम्ही दोघं एकाच घरात जेवता ना?" हसूनच विचारलं गं, पण मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हिच्या अंगात रक्तच नाही, आधी भर घाला, मग बघू, म्हणाल्या.

जेवतो तर एकाच परातीभोवती. तुझी आई पातेल्याजवळ, सुनेच्या जागी, बसून सगळ्यांचे वाडगे भरते, आणि शेवटी खरवड व भाजीचं पाणी तिचं. डुकराच्या मांसाचा चरबीचा तुकडा आधी तुझी आजी माझ्या वाडग्यात टाकायची, ती गेल्यावर तुझी आई टाकू लागली. भातकापणीला यंत्र आलं, माझे कष्ट गेले, भूक तेवढी राहिली. आजोबांच्या श्राद्धाला लोक माझ्या पोटावर थाप मारत, "खोईचं झकास चाललंय!" मला त्याचा अभिमान वाटायचा. तिला म्हणत, "काय गं थाम, नवरा तुझ्याही वाटचं खातो की काय?" सगळे हसायचे, मीही हसायचो.

दवाखान्यातून आल्यापासून मी पातेल्याजवळ बसायला लागलो. शेजारच्या लुआकाकूंनी दारातून पाहिलं आणि गावभर केलं, "खोई सून झाला हो!" होऊ दे. पण तुझ्या आईला घास गिळेना. परक्या घरी जेवायला बसल्यासारखी अंग चोरून बसायची, मासा गुपचूप माझ्यासाठी झाकून ठेवायची. मी रागावलो, मग रागावल्याचीच लाज वाटली. खरी लाज तर याहून वाईट आहे. जन्मात कधी तिला वाढलं नाही, आणि आता वाढतोय ते तिच्यातलं काढून घ्यायचंय म्हणून. बाजारासाठी डुक्कर पोसतात तसं. वाढताना माझी मान वर होत नसे.

एकदा न राहवून तिला हे बोललो. ती म्हणाली, "तुम्ही मुकाट्यानं वाढा. पोरीसाठी खातेय मी. आणि तो चरबीचा तुकडा इकडे द्या." वाडगा तिनं स्वतःहून पुढे केला. गालांवर थोडी तकाकीसुद्धा आली होती गं.

तुझ्या फोननंतर ती पुन्हा पातेल्याजवळ जाऊन बसली आहे. आज खरवड काढत होती. ऊठ म्हटलं, तर म्हणाली, "आता कुणासाठी खाऊ?" मिएन, 'स्वतःसाठी खा' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायला मला तोंड नाही. किडनीचं तुम्ही मायलेकी ठरवा, मी मध्ये पडणार नाही. फक्त उद्या जेवणाच्या वेळी फोन कर आणि ते वाक्य तू तिला सांग. मी तिचा वाडगा भरून ठेवतो.

तुझाच,
बाबा